यंत्रभरतासाठी आधारपटाची निवड व कापडाची पूर्वतयारी : नाशिक जिल्ह्यातील दोन कापडांच्या आधारे

नाशिक जिल्ह्याने वस्त्रशास्त्राच्या अभ्यासकापुढे एक विलक्षण जोडी ठेवली आहे. पूर्वेकडे येवले, तेथे हातमागावर पैठणी विणली जाते. ईशान्येकडे मालेगाव, तेथे यंत्रमागावर सुती व पॉलिएस्टरचे कोरे कापड ठाणामागून ठाण उतरत असते. एक कापड इंचाइंचाने वाढणारे, तर दुसरे गिरणीच्या हिशेबाने मोजले जाणारे. ही दोन्ही कापडे शेवटी भरतकाम करणाऱ्याच्या एकाच यंत्राखाली येऊन पोहोचतात, कारण पोलक्याच्या बाहीवर व गळ्यावर यंत्राने नक्षी भरून घेण्याची रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे. नक्षी तीच, धागा तोच, यंत्रही तेच. आणि तरीसुद्धा एका कापडावर ती सपाट बसते, दुसऱ्यावर तिच्याभोवती चुण्या उठतात. सुती पोलके बिघडले तर त्याच भावात दुसरे कापड घेता येते. पैठणीला जोडून विणलेला पोलक्याचा तुकडा बिघडला, तर त्याच ताण्याचा व त्याच रंगाचा दुसरा तुकडा मिळण्याची सोय नसते. दोष उत्पन्न झाल्यावर तो झाकण्याच्या युक्त्या पुष्कळ सांगितल्या जातात; परंतु दोषाचे मूळ बहुधा सुई चालू होण्यापूर्वीच्या कामात, म्हणजे कापडाच्या पूर्वतयारीत व आधारपटाच्या निवडीत असते. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

आधारपट म्हणजे भरतकाम चालू असताना कापडाच्या खाली, क्वचित वर, घातलेला असा पदर, जो टाक्यांची ओढ स्वतःवर घेतो. बाजारात त्यास बॅकिंग, पेपर, फ्यूजिंग अशी नावे आहेत. जुने शिंपी ह्याच कामासाठी बकरम किंवा कॅनव्हास वापरीत, आणि अजूनही वापरतात. ही नावे कारागिरांत सरमिसळ वापरली जातात. वस्तुतः त्यांमागील द्रव्ये व त्यांचे गुणधर्म एकमेकांपासून फार भिन्न आहेत, आणि निवडीतील निम्म्या चुका ह्या सरमिसळीतूनच उद्भवतात.

प्रथम टाका कापडावर काय परिणाम करतो ते पाहिले पाहिजे. पाच सेंटिमीटर बाजूचा एक चौरस पूर्ण भरावयाचा आहे असे समजू. ४० नंबरच्या रेयॉन धाग्यासाठी दोन ओळींतील अंतर साधारणतः ०.४ मिलिमीटर ठेवतात; टाक्याची लांबी ४ मिलिमीटर धरली तर १२५ ओळी होतात व प्रत्येक ओळीत सुमारे साडेबारा टाके बसतात. म्हणजे त्या चौरसात सुई सुमारे १५६० वेळा कापडातून जाते, दर चौरस सेंटिमीटरला बासष्टहून अधिक वेळा. ७५ नंबरच्या सुईचा व्यास ०.७५ मिलिमीटर असतो. तिच्या छेदाचे क्षेत्रफळ ०.४४ चौरस मिलिमीटर भरते. ही सर्व छिद्रे एकत्र केली तर कापडाच्या क्षेत्राच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा अधिक, सुमारे २७ टक्के, जागा सुईने व्यापली असा हिशेब निघतो. कापड तरीही फाटत नाही, कारण टोकदार सुईसुद्धा बहुतेक वेळा सूत तोडीत नाही, ते बाजूस सारते. पण जे सूत बाजूस सरले त्याला कोठे तरी जागा हवी. ही जागा ज्या विणीत नाही ती वीण फुगते किंवा तुटते. ६५ नंबरची सुई घेतली तर हेच प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवर येते. सुईच्या नंबरातील हा वरवर क्षुल्लक दिसणारा फरक घट्ट विणीच्या रेशमावर निर्णायक ठरतो.

ह्यात दुसरी गोष्ट मिळवावयाची ती ओढीची. प्रत्येक टाक्यात वरचा धागा ताणलेला असतो आणि तो आपल्या दोन टोकांना एकमेकांजवळ आणू पाहतो. त्यामुळे नक्षी टाक्याच्या दिशेने आखडते, आणि त्याच वेळी टाक्यांच्या ओळी ज्या दिशेने वाढत जातात त्या दिशेने कापड थोडे पुढे ढकलले जाते. वर्तुळ भरले तर ते अंडाकृती उतरते ते ह्यामुळेच. नक्षी आखणारे रुंदीत दोन-चार दशांश मिलिमीटरची भर घालून ही उणीव भरून काढतात. पण ती भर आकार सुधारते, चुण्या सुधारीत नाही. चुण्यांवर उपाय एकच, तो म्हणजे ओढ सहन करणारे काही तरी कापडाखाली असणे.

चुण्यांची चिकित्सा करताना दोन प्रश्न विचारावे. फुगवटा नक्षीच्या आत आहे की बाहेर? आणि तो रिंगेतून कापड काढताच दिसला की पहिल्या धुण्यानंतर? नक्षी स्वतः वाटीसारखी फुगली असेल तर नक्षीच्या मानाने भोवतालचे कापड आटले आहे असे समजावे. रिंग काढताच असे दिसले तर कापड रिंगेत ताणून बसविले होते आणि मोकळे होताच ते पूर्ववत् आखडले. धुण्यानंतर दिसले तर कापडाचे आटणे आधी काढून घेतलेले नव्हते. उलट नक्षी सपाट असून तिच्याभोवती किरणांसारख्या चुण्या पसरल्या असतील तर नक्षीच आखडली आहे. रिंग काढताच असे झाले असल्यास आधारपट दुबळा होता अथवा धाग्याचा ताण अधिक होता. धुण्यानंतर झाले असल्यास आधारपटच पाण्यात आटला. ही शेवटची शक्यता सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते. सुती बकरम व कॅनव्हास ही खळ दिलेली विणीव कापडे आहेत. ती न भिजविता वापरली म्हणजे कापड नीट धुऊन घेतलेले असूनही पोलके बिघडते, आणि दोष मात्र धाग्याच्या माथी मारला जातो.

मालेगावच्या सुती कापडाचा विचार ह्यानंतर सोपा होतो. यंत्रमागावर ताण्याच्या सुतास घर्षण सोसावे म्हणून खळ दिलेली असते. मागावरून उतरलेले कोरे कापड धुलाई व रंगाईसाठी पाली, बालोतरा यांसारख्या गावी जाते आणि तेथून बाजारात येते. परंतु मांजरपाटासारखे कोरे कापड थेटही विकले जाते, आणि प्रक्रिया केलेल्या कापडावरही शेवटी चकाकीसाठी पुन्हा कांजी चढविलेली असू शकते. अशा कापडाचा ताठरपणा फसवा असतो. हाताला ते भरीव लागते, म्हणून पातळ आधारपट पुरेल असे वाटते. पहिल्या धुण्यात खळ निघून गेली की कापडाचे खरे अंग उघडे पडते व नक्षीचा भार त्याला पेलवत नाही. स्टार्चची खळ ओळखण्यास आयोडीनच्या सौम्य द्रावणाचा एक थेंब पुरतो: निळा रंग आला तर खळ आहे. साध्या पाण्याचा थेंबही पुष्कळ सांगून जातो. तो कापडावर मोत्यासारखा उभा राहिला तर खळ, मेण किंवा तेलकट अंश शिल्लक आहे असे धरावे.

अशा कापडाची पूर्वतयारी म्हणजे कोमट पाण्यात रात्रभर भिजविणे, साबणाने धुणे, न पिळता वाळविणे, आणि किंचित दमट असतानाच ताण्याच्या दिशेने इस्त्री करणे. उरेब दिशेने इस्त्री ओढली की चौकट तिरकी होते आणि मग नक्षी सरळ असूनही अंगावर वाकडी दिसते. बाण्याचे एक सूत ओढून त्या रेघेवर कापड कापले म्हणजे चौकट सरळ आहे की नाही हे कळते. कात्रीच्या अंदाजावर विसंबू नये. आटण्याचे मोजमापही प्रयोगशाळेवाचून करता येते. कापडावर ५० सेंटिमीटर बाजूचा चौरस आखून तो धुवावा. एक बाजू ४८ सेंटिमीटर उरली तर त्या दिशेने आटणे ४ टक्के. दहा सेंटिमीटर रुंदीच्या नक्षीच्या हिशेबी हे ४ मिलिमीटर होतात. पॉलिएस्टरचा धागा पाण्यात जवळजवळ आटत नाही, त्यामुळे हे चार मिलिमीटर लपविण्यास जागा राहत नाही. ताण्याच्या व बाण्याच्या दिशेने आटणे बहुधा सारखे नसते, म्हणून दोन्ही बाजू मोजणे आवश्यक आहे.

आधारपटांच्या जाती पाहता प्रथम कापून काढण्याचा प्रकार येतो. हा न विणलेल्या तंतूंचा पट असून भरत संपल्यावर नक्षीबाहेरचा भाग कात्रीने कापतात. नक्षीखालचा कायम राहतो. कापडाला लवचिकता जितकी अधिक तितकी ह्याची गरज अधिक. टी-शर्टासारख्या गुंफलेल्या कापडास दुसरा पर्याय जवळजवळ नाही. दुसरा प्रकार फाडून काढण्याचा. तो स्वस्त व झटपट, म्हणून सर्वांत लोकप्रिय. घट्ट विणीच्या सुती कापडावर, टाके विरळ असता, तो पुरेसा आहे. मात्र ह्या पटांतील तंतू पुष्कळदा एकाच दिशेने पसरलेले असतात व एका दिशेने पट सहज फाटतो, दुसऱ्या दिशेने चिवट राहतो. दोन पदर घ्यावयाचे तर ते एकमेकांशी काटकोनात ठेवावे. काही लहान दुकानांत ह्याऐवजी वर्तमानपत्राचा कागद घालतात. कागदाने सुईचे टोक बोथट होते, शाई पांढऱ्या कापडावर उतरते, आणि उरलेले कपटे कालांतराने पिवळे पडतात. काटकसरीचा हा मार्ग खरोखर काटकसरीचा नव्हे.

तिसरा प्रकार इस्त्रीने चिकटविण्याचा. ह्याच्या एका अंगावर उष्णतेने वितळणाऱ्या द्रव्याचे ठिपके असतात व ते साधारण १२० ते १५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान कापडाला धरतात. चौथा पाण्यात विरघळणारा. ह्या चौथ्या प्रकाराचा पूर्वेतिहास मनोरंजक आहे. जोसुए हाइलमान ह्याचे हाताने चालणारे भरतयंत्र १८२८ च्या सुमारास फ्रान्समधील म्युलूझ येथे तयार झाले, आणि १८६३ मध्ये आयझाक ग्रोब्ली ह्या स्विस कारागिराने शिफली यंत्र काढले. पुढे १८८० नंतरच्या दशकात स्वित्झर्लंड व सॅक्सनी येथील कारखानदारांनी रेशमी भूमीवर सुती धाग्याने भरत करून ती भूमी रासायनिक द्रावणात नष्ट करण्याची युक्ती योजली. मागे उरे ती केवळ सुती जाळी. रेशीम प्रथिनमय असल्यामुळे दाहक सोड्यात विरघळते व कापूस टिकतो, हे तिचे रहस्य. म्हणजे आज ज्या रेशमास वाचविण्यासाठी एवढा विचार करावा लागतो, तेच रेशीम तेथे फेकून देण्याचा आधारपट होते! पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे द्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेरमान व हेनेल यांनी १९२४ मध्ये तयार केले, आणि पाण्यात विरघळणारा आधारपट आज मुख्यतः त्याचाच असतो. जाळीदार कापडास तो खालून उपयोगी पडतो. सोलापुरी टॉवेलासारख्या फासे असलेल्या कापडावर तो वरून पसरतात, म्हणजे टाके फाशांत बुडत नाहीत.

ऋतूचा परिणाम ह्या विरघळणाऱ्या पटावर सर्वांत अधिक होतो. नाशिकच्या एप्रिलमधील कोरड्या हवेत तो कडक होऊन सुईखाली तडकतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील ओलावा शोषून सैल व चिकट होतो. पिशवीत घट्ट बंद करून ठेवणे व लागेल तेवढाच बाहेर काढणे हा त्यावरील साधा उपाय.

येवल्याच्या कापडाकडे वळता वरील प्रत्येक पर्यायास काही ना काही हरकत निघते, आणि येथेच प्रश्न खरा कठीण होतो. पैठणीचा ताणा रेशमाचा. पदराची भूमी जरीच्या बाण्याने भरलेली, आणि तीवरील मोर, मुनिया, असावली ह्यांची आकृती वेगवेगळ्या रंगांच्या रेशमी बाण्यांनी, लहान लहान तिल्ल्या हाताने फिरवून, जागच्या जागी गुंतविलेली. नक्षी कापडावर चढविलेली नसते; नक्षी हेच तेथे कापड असते. ह्याचा अर्थ असा की पदरात सुईने एखादे सूत तुटले तर केवळ शोभा जात नाही, वीणच सुटते. जरीचा धागा म्हणजे गाभ्याभोवती गुंडाळलेली धातूची चपटी तार, किंवा हलक्या मालात धातूचा थर दिलेली प्लास्टिकची पट्टी. रेशमाचे सूत सुईपुढे बाजूस सरते. धातूची पट्टी सरत नाही, ती चिरते व तिचे टोक वर येते. यास्तव पदरावर व जरीच्या काठावर यंत्रभरत करूच नये, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यासाठी कोणताही आधारपट पुरेसा नाही.

उरतो तो साध्या रेशमी अंगाचा पोलक्याचा तुकडा. त्यावर पाण्यात विरघळणारा पट नको, कारण पाण्याचे डाग रेशमावर उमटतात, गडद रंग उतरण्याचा संभव असतो, आणि रेशमाची ताकद ओले असताना घटते. कापसाची मात्र वाढते. फाडून काढण्याचा पट नको, कारण फाडताना बसणारा हिसका टाक्यांखालच्या नाजूक सुतांवर येतो व वीण सरकते. इस्त्रीने चिकटविण्याचा पट सर्वांत मोहक वाटतो आणि पुष्कळ ठिकाणी तोच वापरतात. पण त्याची उष्णता प्लास्टिकच्या जरीस अपायकारक असते, चिकट ठिपके पातळ रेशमातून वर उमटतात, आणि पॉलिएथिलीनचे काही चिकटद्रव्य कोरड्या धुलाईच्या द्रावणात टिकत नाही, तर पॉलिॲमाइडचे तुलनेने अधिक टिकते. विकत घेताना ह्या भेदाची चौकशी क्वचितच होते.

राहिला कापून काढण्याचा पट. तोही नेहमीचा जाड नव्हे, कारण रेशमाच्या पडत्या घडीला तो फळीसारखा ताठ करतो. येथे विणीव पट श्रेयस्कर ठरतो: धुऊन आटवून घेतलेली बारीक मलमल, किंवा रेशमी ऑर्गेंझा. ऑर्गेंझा वजनाने हलका असूनही त्याचे सूत कडक असते, आणि रेशमाशी रेशमाचे वागणे जुळते. हवेतील ओलावा दोन्ही सारख्याच प्रमाणात घेतात व सोडतात. रेशीम प्रमाणित हवेत सुमारे ११ टक्के ओलावा धरते, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पॉलिएस्टरचा पट रेशमास जोडल्यास पावसाळ्यात व उन्हाळ्यात दोघांची मापे वेगवेगळी होतात. मलमल व ऑर्गेंझा ह्यांच्यात निवड करावयाची तर पोलक्याला पुढे अस्तर लागणारच आहे हे ध्यानात घ्यावे. अस्तराखाली मलमलीचा पदर झाकला जातो, म्हणून दाट नक्षीस मलमल व विरळ नक्षीस ऑर्गेंझा असा विवेक ठेवता येईल.

रेशमास रिंगेत दाबू नये. लाकडी असो वा प्लास्टिकची, रिंगेची खूण रेशमावर राहते, आणि ती इस्त्रीने जातेच असे नाही. आधारपट एकटाच रिंगेत ढोलकीच्या पुडीसारखा ताणावा. रेशीम त्यावर, न ताणता, केवळ सपाट पसरून नक्षीच्या हद्दीबाहेर हाताने कच्च्या धावदोऱ्याने टाचावे. ‘पुडीसारखे ताणावे’ हा शिवणवर्गांतील उपदेश आधारपटास लागू आहे, कापडास नाही. दोहोंची गल्लत झाल्याने वर वर्णिलेली वाटी तयार होते. शिंपडण्याचा तात्पुरता गोंद रेशमावर डाग ठेवू शकतो, म्हणून तो टाळलेला बरा. सुती कापड रिंगेत घ्यावयाचे असल्यास आतील कडीस सुती पट्टी गुंडाळली म्हणजे पकड येते व खूण कमी पडते.

पूर्वतयारी म्हणून रेशीम धुवावयाचे नाही. घड्या मोडून, ज्या खोलीत काम व्हावयाचे त्या खोलीत ते एक दिवस पसरून ठेवावे, आणि उलट्या बाजूने मलमलीचा तुकडा मध्ये ठेवून हलकी इस्त्री फिरवावी. ६५ नंबरची नवी सुई, वरच्या धाग्याचा ताण कमी, यंत्राची गती मिनिटाला पाच-सहाशे टाक्यांपेक्षा अधिक नाही. ताण तपासण्याची खूण उलट बाजूस असते: रुंद टाक्याच्या मध्यभागी बॉबिनच्या धाग्याची पट्टी एकतृतीयांश दिसावी. ती अजिबात दिसली नाही तर वरचा धागा सैल आहे. ती फार रुंद दिसली तर घट्ट. तुकड्याच्या शिवणीत जाणाऱ्या कडेवर प्रथम नमुना भरून पाहावा. नक्षीच्या दाटीबाबतही सवलत घ्यावी. ओळींतील अंतर ०.४ ऐवजी ०.५ मिलिमीटर केले तर टाके पाचव्या हिश्श्याने कमी होतात, आणि खाली त्याच रंगाच्या धाग्याची विरळ पायाभरणी घातली असता डोळ्यास फरक जाणवत नाही.

बाजारात ज्यास ‘सेमी पैठणी’ म्हणतात त्या यंत्रमागावरील मालाची अडचण निराळी. त्यात नक्षीचे जादा बाणे उलट बाजूस मोकळे तरंगत असतात. ते यंत्राच्या पट्टीत व सुईत अडकतात. येथे पातळ आधारपट ओढीसाठी नव्हे, तर ह्या मोकळ्या सुतांवर पांघरूण म्हणून घालावा लागतो.

ह्याच उलट बाजूचा दुसरा एक उपयोग वस्त्रसंग्रहांच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. पैठणीस भौगोलिक निर्देशनाची नोंदणी २०१० मध्ये मिळाली, आणि तिच्या नावाचे मोल जसे वाढले तशी तिच्या आकृत्यांची यंत्रभरताने केलेली नक्कलही वाढली. यंत्राने भरलेला मोर समोरून पाहणाऱ्यास फसवू शकतो. पण हाताने गुंतविलेल्या पैठणीच्या पदराची उलट बाजू सुलटीसारखीच असते. भरलेल्या मोराच्या पाठीशी मात्र बॉबिनचा एकरंगी धागा आणि कापून काढलेल्या आधारपटाची कड हाताला लागते. फाडून काढलेल्या पटाचे तंतू टाक्यांखाली भिंगातून दिसतात. विरघळणारा पट पुरता धुतला गेला नसेल तर त्या जागी कापड किंचित ताठ राहते. नोंदपत्रिकेत केवळ ‘भरतकाम’ असे न लिहिता आधारपटाचा प्रकारही लिहून ठेवल्यास त्या वस्त्राची साठवण, धुलाई व डागडुजी ह्यांचे निर्णय पुढे सुकर होतात. चिकटद्रव्याचे ठिपके आढळल्यास ते वस्त्र द्रावणात घालण्यापूर्वी एका टोकास चाचणी घेणे अगत्याचे आहे.